चवथीच्या तोंडावर ग्रास कटर चालूच होत नाही? दोरी ओढत बसण्याआधी हे बघा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा पंधरवडा आला की आमच्या सोप्यावर दोन-तीन तरी ग्रास कटर येऊन पडतात. घराकडची वाट कमरेएवढ्या गवतात गेलेली, पाहुणे येणार, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान आणायला भाटात, म्हणजे बागायतीत, शिरायचं, आणि नेमकं तेव्हाच मशीन हटून बसलेलं. आणणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "चालूच जायना रे!" आणि दुसरं, "कार्बोरेटर गेला असणार."

कार्बोरेटर बहुतेक वेळा गेलेला नसतो.

मी मेकॅनिक नव्हे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात थोडं काजूचं भाट आणि घरामागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे. दोन कटर, एक चेन सॉ आणि पोफळींवर बोर्डो (बुरशीचं औषध) मारायचा पाठीवरचा पंप, अशी चार टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी) इंजिनं गेली बारा-तेरा वर्षं सांभाळतोय. स्वतःची आणि शेजाऱ्यांची मिळून ही एकच तक्रार इतक्या वेळा सोडवली आहे की आता हात आपोआप क्रमाने फिरतात. तो क्रम इथे देतो. फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर, आणि जिथे हात आवरायचा ती जागाही.

आधी लक्षण नीट बघा

"चालू होत नाही" म्हणजे नक्की काय, हे सांगता आलं तर अर्धं काम झालं.

दोरी कितीही ओढा, एकदाही फट् होत नाही: पेट्रोल किंवा करंट (प्लगची ठिणगी), दोघांपैकी एक येत नाही.
चोकवर (हवा अडवणारी झडप बंद ठेवून) एकदा फट् करून गप्प, मग काहीच नाही: बहुतेक ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय.
चोकवर चालतं, चोक काढला की मरतं: पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय.
दहा-पंधरा मिनिटं छान चालून बंद पडतं, थोड्या वेळाने पुन्हा चालू होतं: टाकीचं झाकण. ते खालीच आहे.
चालतं, पण गवतात घातलं की दम सोडतं: एअर फिल्टर किंवा सायलेन्सर.
रेस आपोआप वाढते, खाली येतच नाही: बंद करा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

स्विच आणि चोक

हसू नका. वर्षाला एक तरी मशीन माझ्याकडे फक्त स्विच बंद असल्यामुळे येतं. बाळगताना हात लागतो आणि तो सरकतो.

चोकची चूक त्याहून जास्त. थंड मशीनला प्रायमरचा, म्हणजे पेट्रोल ओढून घेणारा, रबरी फुगा सात-आठ वेळा दाबायचा, चोक बंद करायचा, दोरी ओढायची. एकदा फट् झालं की तिथेच थांबून चोक उघडायचा आणि मग पुढची ओढ. तो फट् ऐकून लोकांना हुरूप येतो आणि चोक बंद ठेवूनच आणखी वीस वेळा ओढतात. तेवढ्यात आत पेट्रोलचं तळं होतं. असं झालं असेल तर प्लग काढा, पुसा, चोक पूर्ण उघडा, थ्रॉटल दाबून धरा आणि प्लगशिवायच आठ-दहा वेळा दोरी ओढा. आतलं पेट्रोल भोकातून फवाऱ्यासारखं बाहेर येतं, तेव्हा तोंड बाजूला ठेवा आणि जवळपास बिडी-सिगारेट कुणाची नको. दहा मिनिटं तसंच ठेवून प्लग लावा.

पेट्रोल: खरं दुखणं इथे

या भागावर मी जास्त वेळ घेणार, कारण माझ्याकडे येणाऱ्या मशीनींपैकी बहुतेक इथेच बऱ्या होतात.

आपल्याकडे कटर राबतो तो पाऊस सरल्यावर, काजूखालचं रान साफ करायला. बोंडू पडायला लागायच्या आत खालची जमीन दिसली पाहिजे. जानेवारीत ते काम संपतं, मशीन खोलीत जातं आणि थेट ऑगस्टात आठवतं. मधले सात-आठ महिने टाकीत अर्धं पेट्रोल तसंच, आणि त्यातले शेवटचे तीन आपल्या पावसाळ्याचे, जेव्हा कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. 2025 मध्ये देशाने 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं, म्हणजे लिटरमागे जवळजवळ 200 मिली इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड म्हणून तळाला बसतात. टाकीतला फिल्टर कुठे असतो? तळाला. त्यामुळे इंजिनाच्या तोंडी पहिला घास त्या पाण्याचाच जातो. वाईट गोष्ट अशी की त्यात मिसळलेलं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, तळाच्या थरात ते जवळजवळ नसतं. समजा अशा थरावर इंजिन कसंबसं चाललंच, तर ते कोरडं चालतं आणि पिस्टन घासतो. दुसरीकडे पेट्रोलमधला चटकन पेटणारा हलका भाग महिन्यांत उडून जातो आणि मागे चिकट राळ राहते. तीच पुढे कार्बोरेटरच्या बारीक भोकांत जाऊन बसते.

तपासणी अगदी सोपी. टाकीतलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत ओता आणि पाच मिनिटं उजेडात धरा. तळाला वेगळा थर दिसला, गढूळ दिसलं, किंवा पेट्रोलऐवजी जुन्या वॉर्निशसारखा वास आला, तर ते फेकायचंच. "थोडं नवीन घालून चालवून बघू" असं नको. कुळागराच्या पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. मग थोडं ताजं मिश्रण घालून टाकी खळखळवा, तेही काढा आणि पुन्हा ताजं भरा. फुगा दहा-पंधरा वेळा दाबा, म्हणजे कार्बोरेटरमधलं जुनंही टाकीत परत येईल. मग दोरी ओढा. मागच्या चवथीला आलेल्या तीन कटरांपैकी दोन एवढ्यावरच घरी गेले.

आता मिश्रण. मशीनच्या पुस्तकात जे प्रमाण दिलंय तेच. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल, 40:1 म्हणजे 25 मिली, 25:1 म्हणजे 40 मिली. "थोडं जास्त घातलं तर इंजिन जास्त टिकतं" हा समज सोडा. जादा ऑइलने प्लग काळा होतो आणि सायलेन्सर कार्बनने भरतो. अंदाजाने ओतू नका, मेडिकलमधून सुई नसलेली 20 मिलीची सिरिंज आणा. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा आणि पाण्याच्या किंवा फेणीच्या बाटलीत ठेवू नका. पाण्याची पातळ बाटली पेट्रोलसाठी नसतेच, आणि रंगीत मिश्रण भरलेली फेणीची बाटली सणाच्या घरात कुणाच्या हाती लागेल याचा नेम नाही.

किनाऱ्याकडच्या मंडळींसाठी एक वेगळी सूचना. होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं ऑइल घरात असतं म्हणून तेच कटरात घालतात. डब्यावर टीसी-डब्ल्यू-3 लिहिलं असेल तर ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. कटरचं इंजिन हवेवर थंड होतं, म्हणून बरंच जास्त तापतं. त्याला जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी ऑइल हवं.

आणि हो, तुमचा कटर टू-स्ट्रोकच आहे ना, हे एकदा बघून घ्या. हल्ली दिसायला अगदी तसेच फोर-स्ट्रोकही आलेत, त्यांचं ऑइल वेगळं भरायचं असतं. त्यांच्यात मिश्रण घातलं तर धूर आणि घाण प्लग एवढ्यावर भागतं. टू-स्ट्रोकमध्ये नुसतं पेट्रोल घातलं तर तासाभरात इंजिन संपू शकतं.

प्लग

काढा आणि त्याचं तोंड बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, पुढे फिल्टर-पाइपकडे जा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पेटत नाही. काळा तेलकट असेल तर ऑइल जास्त, चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर बंद. तांबूस-तपकिरी म्हणजे तब्येत ठीक. पांढराफटक असेल तर इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय, आणि ही काळजीची गोष्ट.

करंट बघायचा तर सावलीत बघा, उन्हात ठिणगी दिसत नाही. प्लग टोपीत घालून त्याचे धातूचे आटे सिलिंडरच्या फिनला (बाहेरच्या उभ्या-आडव्या पात्यांपैकी एकीला) टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसलेलं असलं पाहिजे. दोरी जोरात ओढली की निळसर ठिणगी चट् करून उडायला हवी. पिवळी, मरगळलेली किंवा अधूनमधून येणारी असेल तर नवा प्लग घाला. गॅप साधारण 0.6 ते 0.7 मिमी. पॉलिश पेपरने घासून महिनाभर काढता येतो, पण प्लग दोनशेच्या आत मिळतो, तेवढ्यासाठी हाताला फोड कशाला? नवा घेताना जुना दुकानात घेऊन जा, आटे आणि लांबी जुळली पाहिजे. लावताना आधी बोटांनीच फिरवा, पान्हा शेवटी. सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो, तिरका बसवून पान्ह्याने दाबला तर आटे गेलेच.

एअर फिल्टर

स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, दोन थेंब ऑइल चोळून पिळा आणि लावा. आपली चिऱ्याची लाल धूळ त्यात अशी बसते की झटकून निघत नाही. फाटलेला असेल तर बदला. "फिल्टर काढून बघितलं, मस्त चालतं" म्हणून तसाच चालवणारे मी पाहिलेत. ती धूळ मग पिस्टन आणि सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरचं काम करते.

टाकीचं झाकण

यात कष्ट काहीच नाहीत, पण हे न कळल्यामुळे लोकांनी कार्बोरेटर बदललेत. टाकीतून पेट्रोल जितकं जातं तितकी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या वरच्या बाजूला बारीक श्वास असतो. तो मातीने बुजला की टाकीत निर्वात होतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी पेट्रोल ओढलं जाईनासं होतं. मशीन बंद पडलं त्याच क्षणी झाकण हळूच सैल करा. फुस्स आवाज आला आणि मशीन लगेच चालू झालं तर रोग सापडला. झाकण पेट्रोलने धुवा, तोंडाने फुंकून बघा. झाकण सैल ठेवून मात्र काम करू नका. तापलेला सायलेन्सर तिथून वीतभरच लांब असतो.

टाकीतला फिल्टर आणि पाइप

वाकवलेल्या तारेच्या आकड्याने फिल्टर टाकीच्या तोंडातून बाहेर ओढा. काळा किंवा चिकट झाला असेल तर बदला, स्वस्त वस्तू आहे. पाइप बोटांनी दाबून बघा. इथेनॉलमुळे जुना रबर एक तर कडक होऊन तडकतो, नाहीतर फुगून लिबलिबीत होतो. टाकीत शिरतो तिथली चीर डोळ्यांना दिसत नाही, पाइप वाकवली की तोंड उघडते. आमच्याकडे एकदा उंदरानेही कुरतडली होती.

प्रायमरचा फुगा बरंच सांगतो. दाबल्यावर चपटाच राहिला तर फिल्टर किंवा पाइप बंद. लगेच फुगतो पण आत बुडबुडेच दिसतात, तर पाइप कुठे तरी हवा घेतेय. पाइप बदलताना आधी मोबाइलवर फोटो काढा. टाकीत दोन पाइप जातात, एक ओढणारी आणि एक परतीची. त्यांची अदलाबदल झाली की फुगा टाकीत नुसते बुडबुडे सोडतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

सायलेन्सर

मशीन चालतं पण दम नाही, आवाज दबका, तर सायलेन्सरच्या तोंडाशी बघा. काही मशीनींना तिथे बारीक जाळी असते, ती ऑइलच्या काजळीने बुजते. थंड असताना काढून तारेच्या ब्रशने साफ करा.

पण आपल्याकडे आणखी एक भाडेकरू असतो, कुंभारीण, म्हणजे मातीचं घरटं करणारी माशी. तीन वर्षांमागे शेजारच्या काकांचा कटर आला. पेट्रोल ताजं, करंट निळा, फिल्टर स्वच्छ, आणि मशीन एकदा खोकून गप्प. दीड तास गेला. शेवटी सायलेन्सरच्या नळीत स्क्रू ड्रायव्हर घातला तर टक् करून अडकला. आत लाल मातीचा गुळगुळीत गोळा, फोडला तर त्यात कुंभारणीने पिलांसाठी कोंबलेले कोळी. काका म्हणाले, "मशीन माझं, आणि बिऱ्हाड तिचं!" तेव्हापासून नळीत बोटभर तार घालून बघणं मी पहिल्या पाच मिनिटांतच उरकतो.

तारा आणि कॉइल

नवा प्लग घालूनही करंट नसेल तर बंद करायच्या स्विचची तार कॉइलपासून सुटी करून पुन्हा बघा. आता करंट आला म्हणजे कॉइल बरी आहे, स्विच किंवा तार शॉर्ट होतेय. पेडणे-बारदेशच्या किनारपट्टीत खारट हवेने स्विचच्या पत्र्यांवर हिरवा गंज चढतो. साफ करा किंवा स्विच बदला, पण तार सुटी ठेवून काम नको. पात्यात तार किंवा फडकं गुंतलं तर बंद कसं करणार? स्विचची तार काढूनही करंट नसेल तर कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर बघा, साधारण 0.3 मिमी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढं. त्यापुढे कॉइलच बदलायची असते.

कार्बोरेटर, आणि माझी चूक

इथवर सगळं ठीक निघालं तरच कार्बोरेटर. आठ महिने राळेत बसलेला असेल तर आतला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, कडक होतो आणि बारीक सुई चिकटते. चोकवर चालतं नि चोक काढला की मरतं, याचं हे नेहमीचं कारण. मॉडेलचं किट मिळतं, पडदे, गॅस्केट आणि सुई सगळं त्यात असतं. उघडताना प्रत्येक थराचा फोटो घ्या, पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम चुकला की सगळं व्यर्थ. भोकांत तार खुपसू नका, स्प्रे क्लीनर आणि फुंकर पुरे. हात बारीक कामाला बसलेला नसेल तर हे मेकॅनिकलाच द्या, त्यात कमीपणा नाही.

आणि ते स्क्रू. पहिल्या वर्षी मशीन दम सोडायला लागलं म्हणून मी एच लिहिलेला स्क्रू आत पिळत गेलो. रेस अशी चढली की काय विचारू नका, आवाज शिट्टीसारखा, दुपारभर गवत लोण्यासारखं कापलं. संध्याकाळी खडक् करून जाम. स्क्रू आत गेला की पेट्रोल कमी होतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने तेही कमी होतं. मी माझ्या हाताने इंजिन तहानेने मारलं होतं. खरा दोष पुढे कळला, एअर फिल्टरचा. तेव्हापासून फक्त आयडलच्या (थ्रॉटल सोडल्यावरच्या रेसच्या) स्क्रूला हात लावतो, तोही पात्यासमोर कुणी नसताना.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे न्या

दोरी सावकाश ओढा. दर फेरीत एका जागी ती अडून मग सुटायला हवी. लोण्यातून ओढल्यासारखी सहज येत असेल तर कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, नाही. खात्रीसाठी सायलेन्सरचे बोल्ट काढून आतून पिस्टन बघा. त्यावर उभे ओरखडे दिसले की पुढचं काम घरचं नाही. सिलिंडर-पिस्टनचा खर्च विचारा, नव्या मशीनच्या किमतीशी ताडून बघा आणि मगच होकार द्या.

रेस आपोआप वाढून खाली येत नसेल तर क्रँकचं सील किंवा इनटेकचं गॅस्केट हवा घेत असू शकतं. अशा वेळी आणखी एक मिनिटही चालवू नका, माझी दुपार आठवा. आयडलवर पातं फिरत असेल आणि आयडल कमी करूनही थांबत नसेल तर दोष क्लचचा. ते मशीन हातात धरू नका. टाकी किंवा पाइपमधून पेट्रोल गळतंय, प्लगचे आटे गेलेत, क्रँकला हाताने खेळ जाणवतो, हेही मेकॅनिकचं. दोरीच्या चक्रातली स्प्रिंग उघडू नका, ती सुटली की बोटं सोलून काढते. आणि मशीन वॉरंटीत असेल तर वर सांगितलेल्यापैकी पेट्रोल, प्लग, एअर फिल्टर आणि झाकण एवढंच करा. कार्बोरेटर उघडलात तर कंपनीवाले आधी तेच बघतात.

मेकॅनिककडे जाताना काय-काय तपासलंत ते सांगा आणि जुना प्लग बरोबर न्या. आणि शक्यतो चवथीला दोन आठवडे असताना जा. शेवटच्या चार दिवसांत त्याच्या दारात कटरांची रांग असते, तुमचा नंबर विसर्जनानंतर लागेल.

जानेवारीत मशीन ठेवताना मी टाकी रिकामी करतो, मग ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, फुगा दाबून उरलेलं काढतो आणि पुन्हा एकदा चालू करून बघतो. प्लगच्या भोकात चमचाभर टू-टी ऑइल घालून दोरी दोनदा सावकाश ओढतो आणि प्लग लावतो. थंड झालेल्या सायलेन्सरच्या नळीत फडक्याचा बोळा, कुंभारणीसाठी. बोळ्याला हातभर लांब लाल पट्टी बांधलेली असते, कारण एके वर्षी बोळा तसाच ठेवून मी पाऊण तास दोरी ओढली होती.